शवासनातली शीळ

बाई,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की सकाळच्या वर्गातल्या निम्म्या बायकांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. मी मात्र अजून हॉलमध्ये शिरताना चपला काढते आणि आधी तुमच्या जागेकडे बघते. खिडकीखालची, माझ्या उजव्या हाताची. तिथे कुणी चटई टाकत नाही. असा काही नियम मी केलेला नाही, पण जुन्या बायका तेवढी जागा सोडून बसतात आणि नव्या त्यांचं बघून बसतात. गंगापूर रोड आता तुम्हाला ओळखू येणार नाही, आपल्या हॉलच्या खालीसुद्धा मोबाइलचं दुकान आलंय. वरचा हॉल तेवढा तसाच आहे, तीच शहाबादी फरशी आणि तिच्यातून वर येणारी तीच थंडी. लिहायचं कारण असं की या हिवाळ्यात त्या हॉलमध्ये एक गोष्ट घडली, आणि ती मी जिवंत माणसांपैकी कुणाला सांगितली तर ते मला सरळ डॉक्टरकडे नेतील. तुम्ही नेणार नाही. तुम्ही म्हणाल, आधी बस, श्वास खाली जाऊ दे, मग बोल.

पहिल्या दिवशीही तुम्ही हेच म्हणाला होतात. मी शाळेत होते आणि दम्याने बेजार होते. रात्र रात्र उशांचा ढीग रचून बसून काढायची, आणि सकाळी वर्गात डोळे मिटायचे. आई मला घेऊन तुमच्या घरी आली तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतात. आईने सगळं सांगितलं, कुणाचा काढा झाला, कुणाच्या पुड्या झाल्या, कुठला अंगारा झाला. तुम्ही मान हलवत ऐकलंत आणि मला म्हणालात, माझ्या पाठीला पाठ लावून बस. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी अवघड करायला लावाल. मी बसते. तुमची पाठ रुंद आहे, उबदार आहे, लुगड्याला फोडणीचा वास आहे. तुम्ही मेथी निवडत आईशी बोलता आहात, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुठल्याशा लग्नाचं काहीतरी, माझ्याकडे तुमचं लक्षही नाही. पाठ वर येते, थांबते, खाली जाते. मला कुणी काही कर म्हणत नाही, पण थोड्या वेळाने माझी पाठ तुमच्या पाठीबरोबर वर जायला लागते आणि छातीतलं सूं सूं हळूहळू थांबतं. आई बोलता बोलता पदराने डोळे पुसते. तुम्ही मेथीच्या काड्या गोळा करून उठता आणि म्हणता, उद्यापासून हॉलवर पाठवा हिला. मी तुमची शिष्या झाले ती अशी, मेथीच्या निवडीत.

तुमच्या वर्गाची पद्धतच तशी होती. इतर ठिकाणी एक, दोन, तीन, चार असे आकडे म्हणतात, कुठे बासरीची कॅसेट लावतात. तुम्ही आसन सांगायचात आणि मग काही बोलायचा नाहीत, नुसता सगळ्यांना ऐकू येईल असा श्वास घ्यायचात, की बायका त्यावर आपापला श्वास चढवायच्या. तुम्ही घेतलात की घ्यायचा, सोडलात की सोडायचा. तुमच्या नाकाचं हाड डावीकडे वाकलेलं होतं, त्यामुळे श्वास सोडताना अगदी शेवटी एक बारीक शीळ यायची. ती ऐकू आली की समजायचं, हा संपला, आता पुढचा. नव्या बाईला पहिल्यांदा हसू यायचं, मग तिलाही त्याशिवाय चुकल्यासारखं व्हायचं. शवासनात तर दुसरं काही नसायचंच. सगळ्या डोळे मिटून आडव्या, तुम्हीही आडव्या, आणि हॉलभर तुमची शीळ. तुम्ही एक मोठा, घशातून आवाज येणारा श्वास घेतलात की शवासन संपलं. तोवर कुणी हलायचं नाही, ऑफिस असो, डबा असो, पोराची रिक्षा असो. ज्यांना घाई असे त्या आडव्या व्हायच्या आधीच निघून जायच्या.

मला तुम्ही एकदाच बोललात, पण असं बोललात की अजून लागतं. तुम्हाला सर्दी झाली होती, आवाज पार बसला होता, म्हणून तास मी घेतला. लग्न होऊन मुलगा शाळेत जायला लागला होता तरी तुमच्यापुढे मी पोरगीच होते. तास उत्तम झाला, सगळ्या म्हणाल्या, अगदी बाईंसारखा झाला. मी फुलले. तुम्ही कोपऱ्यात शाल पांघरून बसला होतात. सगळ्या गेल्यावर मला जवळ बोलावलंत आणि बसक्या आवाजात म्हणालात, "सगळं बरोबर केलंस. पण माझ्या श्वासावर केलंस. एवढी घोडी झालीस, आता कडेवरून उतर." मला राग आला. मनात म्हटलं, तुम्हीच तर घेतलं होतंत ना कडेवर. चटया गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी घरी एकटीने बसून तुमच्याशिवायचा श्वास शोधून पाहिला, तर छाती गच्च झाली आणि जुनं सूं सूं पुन्हा यायला लागलं. मी घाबरून तुमची शीळ आठवली, तेव्हा कुठे मोकळं झालं. मग मी तो नाद सोडला.

आता तुम्ही गेलात त्या सकाळचं. पौषातली थंडी, खिडक्यांच्या काचांवर दव. तास नेहमीसारखा झाला, तुम्ही जरा कमी बोललात एवढंच. शवासन. मी तुमच्या शेजारी. तुमची शीळ येते, मी तिच्यावर माझा श्वास सोडते, पुन्हा येते. खाली शाळेच्या रिक्षा हॉर्न वाजवतात आणि जातात. आज जास्तच वेळ चाललाय हे माझ्या लक्षात येतं, पण छान वाटतंय, बाई रंगल्या आहेत आज, असं मनात येतं. इतर बायकांनाही तेच वाटलं, नंतर सगळ्यांनी सांगितलं. कुणीही डोळा उघडला नाही. शेवटी आपल्यानंतर हॉल घेणारे कराटेचे सर दारात येऊन खाकरले. मग एकेक जण चुळबुळायला लागली. मी डोळे उघडून तुमच्या हाताला हात लावला. हात गार होता, पण त्या थंडीत सगळ्यांचेच हात गार असतात, म्हणून त्यावरूनही मला काही कळलं नाही. दोनदा हाक मारली तेव्हा कळलं.

शेजारच्या बिल्डिंगमधले डॉक्टर चप्पल न घालताच धावत आले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, बराच वेळ झालाय. बहुतेक आडव्या झाल्या झाल्याच हृदय बंद पडलं असावं, कळलंही नसेल त्यांना, कुणी काही करू शकलं नसतं. मी म्हटलं, असं कसं, आत्ता सर येईपर्यंत यांचा श्वास चालू होता, मी ऐकत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणाला तरी मला पाणी द्यायला सांगितलं. संध्याकाळी तुमची मुलगी पुण्याहून आली. तुमच्या त्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि मला एकच विचारलं, आईला त्रास झाला का? मी तिला जे ऐकलं होतं तेच सांगितलं, की शेवटपर्यंत श्वास शांत होता आणि मी शेजारी ऐकत होते. तिने माझे दोन्ही हात धरले. अजून दर संक्रांतीला तिचा फोन येतो आणि प्रत्येक वेळी ती म्हणते, तुम्ही ऐकत होतात म्हणून मला झोप लागते.

वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात शवासनात शीळ आली. माझ्या उजवीकडून, खिडकीखालून. मी ताडकन उठून बसले, तर सगळ्या शांत पडलेल्या आणि तुमची जागा रिकामी. अंगावर काटा आला तो घरी जाऊन चहा प्यायले तरी जाईना. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. कशाचीही सवय होते म्हणतात ते खोटं नाही. पुढे पुढे मी आडवी झाल्यावर तिची वाट बघायला लागले, आणि ती आली की म्हणायचे, आल्या. दम्याने त्या सगळ्या काळात एकदाही डोकं वर काढलं नाही. घरी कधी ती ऐकू येत नसे. यांना एकदा सहज विचारलं, झोपेत माझ्या नाकातून शीळ येते का हो? हे म्हणाले, "तू घोरतेस. शीळ वाजवणाऱ्या बाईशी केलं असतं तर निदान गाणं तरी ऐकलं असतं." यांच्याकडून याहून जास्त काही कळायचं नव्हतं.

मग या दिवाळीनंतर एक बाई आली. निफाडकडची, घरची द्राक्षबाग, मुलाच्या शिक्षणासाठी इथे खोली घेऊन राहते. बागेत गंधक मारून मारून छाती खराब झालेली, जिना चढून आली की दोन मिनिटं बोलता येत नसे. उशिरा आली, दुसरीकडे जागा नव्हती, तिने सरळ तुमच्या जागी चटई पसरली. जुन्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तास सुरू केला. नंतर रोज ती तिथेच झोपायला लागली, आणि शीळ तरीही येत राहिली, तिच्या आणि माझ्या मधून कुठून तरी. एक दिवस तास संपल्यावर ती चटई झटकत मला म्हणाली, "मॅडम, तुमचं लय बरं हाय. तुमच्या नाकातून शेवटाला ती बारीक शिट्टी येते ना, तिच्यावर मी माझा दम धरते. नायतर मला झोपून श्वास घेताच येत नाय." मी हसले, बरं म्हटलं, आणि चटई तिथेच विसरून जिना उतरले. बाई, तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तुमच्या नाकाचं हाड वाकडं होतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

एवढी वर्षं मी एक प्रश्न स्वतःला विचारला नव्हता, तो तिने माझ्या पुढ्यात आणून ठेवला. शीळ माझी असेल, तर त्या सकाळीही ती माझीच होती. म्हणजे तुम्ही माझ्या शेजारी गेलात, आणि तुमचा श्वास थांबल्याचं कुणाला कळू नये अशी मी तुमच्या जागी तो घेत राहिले. मलाही कळू दिलं नाही. सगळा वर्ग माझ्या श्वासावर आडवा पडून होता आणि तुम्ही त्यात एकट्या होतात. आणि तुमच्या मुलीला मी जो श्वास सांगितला, ज्याच्या भरवशावर ती झोपते, तोही माझाच होता. शीळ माझी नसेल तर मग तुम्ही अजून त्या हॉलमध्ये आहात, आणि ते बरं की वाईट हे मला ठरवता येत नव्हतं. शोधून काढणं तर अगदी सोपं होतं. कुंभक करायचा. आपण श्वास रोखायचा आणि ऐकायचं. मी रोज सकाळी बायकांना कुंभक शिकवते, आणि एवढा एक करायला माझी छाती होत नव्हती. शवासनात आडवी व्हायचे, ठरवायचे आज करायचा, शीळ यायची, आणि मी भित्र्यासारखी तिच्यावर श्वास सोडून द्यायचे.

गेल्या सोमवारी केला. थंडी होती, पंखे बंद, खिडक्या बंद. शीळ आली, मी श्वास पूर्ण सोडला आणि घेतला नाही. ऐकत राहिले. शीळ आली नाही. आणखी थांबले. आली नाही. तर मग माझीच होती, एवढं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दुसरंच काहीतरी जाणवलं. हॉलमध्ये कसलाच आवाज नव्हता. बँकेतल्या बाईंचा श्वास नेहमी घरघरतो, तो नव्हता. निवृत्त शिक्षिका कवळी काढून झोपतात आणि ओठांनी फुर्र करतात, ते नव्हतं. खिडकीबाहेर पारवा पंख झटकत होता तो ऐकू येत होता, खाली कुणी शटर वर केलं ते ऐकू आलं, आणि आत एवढ्या बायका पडलेल्या असून एक श्वास नाही. त्या सगळ्या थांबल्या होत्या. माझी शीळ येईपर्यंत त्या पुढचा घेणार नव्हत्या. मला वाटलं, त्या सकाळी मी तुमच्याबरोबर थांबले असते तर हॉल असा झाला असता. मग मी घाईने श्वास घ्यायला गेले, तर येईना. घसा बंद. लहानपणी उशांवर बसलेली असताना व्हायचा तसाच. हात हलवायचा म्हटलं तर हात हलेना. माझ्यावर सगळ्या टांगलेल्या आणि मी कशावर टांगलेली तेच मला सापडत नव्हतं.

तुमच्या जागेवरून खोकला आला. निफाडची बाई धडपडत उठून बसली, छातीवर हात, तोंड उघडं, भात्यासारखा आवाज करत तिने एक वेडावाकडा श्वास ओढला, मग दुसरा. म्हणाली, "मॅडम, मला नाय जमत हे. मी आपला माझा घेते." आणि घेत राहिली, खरखरीत, लहानमोठा, कसलाही ताल नसलेला. त्या आवाजाने माझा घसा उघडला. मी घेतला, तो कसा होता मला माहीत नाही, पण त्याला शीळ नव्हती. मग सगळ्या हॉलने एकदम श्वास घेतला, आणि तो आवाज मी या जन्मात विसरणार नाही. उठून बसल्यावर त्यांना काहीच पत्ता नव्हता. बँकेतल्या बाई म्हणाल्या, आज काय सुंदर लागलं हो शवासन, श्वास घ्यायचा असतो हेच मी विसरले होते. बाकीच्या हसत हो हो म्हणाल्या. निफाडची बाई तेवढी घाम पुसत माझ्याकडे बघत होती.

मंगळवारी मी वर्गाला सांगितलं की आजपासून मी आवाज करून श्वास घेणार नाही. ज्याने त्याने आपापला घ्यायचा, लांब येवो, तोकडा येवो, फक्त तो येतोय आणि जातोय एवढं बघत राहायचं. उठायची वेळ झाली की मी तोंडाने सांगेन. जुन्या नाराज झाल्या. एकीने विचारलं, मग बाईंची पद्धत मोडायची का? मी म्हटलं, बाईंनीच सांगितलं होतं, मला ऐकायला उशीर झाला. निफाडची बाई म्हणाली, "मंग बरंय. मला वाटायचं तुमच्यावानीच घ्यायचा असतो." आता शवासनात हॉल म्हणजे भाजीबाजार झालाय, कुणी घरघरतंय, कुणी सुस्कारे टाकतंय, कुणाचं नाक चोंदलंय. मला पहिले दोन दिवस त्या गोंगाटात झोपवेना. छाती अधूनमधून भरून येते, दम्याचा पंपही घेऊन ठेवलाय पर्समध्ये, खोटं कशाला सांगू. पण जो येतो तो माझाच आहे, जरासा आखूड आणि घाईचा, आमच्या आईसारखा. शीळ त्या दिवसानंतर आलेली नाही. तुम्ही एवढ्या वर्षांपूर्वी गेलात, आणि मला तुमच्यासाठी रडू आलं ते या आठवड्यात.

हे तुमच्या मुलीला पाठवावं असं लिहायला बसताना मनात होतं. तुम्हाला लिहिलेलं पोचवायला दुसरं कोण आहे, आणि तिला खरं कळायला हवं असंही वाटत होतं. आता वाचून पाहिलं आणि नाही पाठवत. ती झोपते आहे तर झोपू दे.

आणि एक सांगायचं आहे, फक्त तुम्हाला. आज मी वर्गाच्या आधी लवकर गेले. हॉल रिकामा होता. तुमच्या जागी आडवी झाले आणि ती शीळ काढून पाहिली. उजवी नाकपुडी दाबून पाहिली, डावी आवळून पाहिली, श्वास अगदी सावकाश तळापर्यंत सोडून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिलं. नुसती हवा आली. मला ती काढता येत नाही, बाई. ती तुमचीच असेल, नाहीतर मी कडेवरून उतरले असेन. आणि मला त्याचं बरं वाटलं.